फोटोतून पुसलेली गाठ

सभागृहाबाहेर सकाळपासून रांग लागली होती. तेजगुरूंचा कॅमेरा म्हणे माणसाभोवतीचं तेज टिपतो, आजार असेल तिथे काळा डाग उमटतो आणि गुरूंनी भारलेलं पाणी प्यायलं की पुढच्या फोटोत डाग नाहीसा होतो. लोक फोटो छातीशी धरून डोळे पुसत बाहेर पडत होते.

धाकटी बहीण ताईसोबत त्या रांगेत आली ती ताईसाठीच. ताईच्या छातीत गाठ होती. डॉक्टरांनी ताबडतोब शस्त्रक्रिया सांगितली होती, पण ताई दोन महिने इथेच खेटे घालत होती. आदल्या दिवशी तिने तीन फोटो पुढे ठेवले. पहिल्यात काळा डाग, दुसऱ्यात निम्मा, तिसऱ्यात नुसतं सोनेरी तेज.

"आणि गाठ?" धाकटीने विचारलं.

"हाताला लागते अजून. गुरू म्हणाले, ते नुसतं टरफल उरलंय."

धाकटी बारा वर्षं फोटो स्टुडिओत लोकांच्या फोटोंतले मुरूम पुसत होती. हे तेज तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. ताईभोवती होतं तसंच ते खुर्चीच्या पाठीभोवतीही होतं. लाकडाला कसलं आलंय तेज!

रांगेत एक गोडबोली सेविका प्रत्येकाचा आजार विचारून लिहून घेत होती. कुणाच्या कुठे डाग उमटवायचा ते आत असं कळत होतं. व्यासपीठावर गुरूंची टकळी चालू होती: विश्वाची ऊर्जा नाडीतून भिंगात उतरते, भिंगातून कागदावर, आणि विज्ञान अजून तिथवर पोचायचंय.

धाकटीने हात जोडून गुरूंचाच फोटो काढायची परवानगी मागितली. गुरू फुशारले. तिने फोटो काढला, बरोबर आणलेला लॅपटॉप सभागृहाच्या पडद्याला जोडला आणि फोटोला इफेक्ट देणारं सॉफ्टवेअर उघडलं. एक पट्टी सरकवताच गुरू सोन्याने न्हाले. लोकांनी हात जोडले. मग तिने दुसरी पट्टी ओढली आणि गुरूंच्या पोटावर काळाकुट्ट डाग पसरला.

तिने पट्टी मागे घेतली आणि डाग नाहीसा झाला.

"झाले बरे," ती म्हणाली. "पाणीसुद्धा पाजावं लागलं नाही."

मग तिने समजावून सांगितलं. हे इफेक्टचं सॉफ्टवेअर फोटो एडिटरला, म्हणजे फोटो सुधारायच्या प्रोग्रामला, जोडूनही चालतं आणि एकटंही चालतं. एकटं चालवायला तर काहीच शिकावं लागत नाही. पाठीमागच्या खोलीत तेच चालू असणार, हवं तर जाऊन पाहा. काहीजण गेले, पाहून आले. तेवढ्यात गुरू मागच्या दाराने पसार झाले. तरीही एक गृहस्थ सांगत राहिले, की इतरांचे फोटो खोटे असतील, माझा खरा आहे. धाकटीला गुरूपेक्षा त्या बोलण्याची शिसारी आली, आणि आपल्याच कसबाचीही.

दुसऱ्या दिवशी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. गाठ दुप्पट झाली होती, काखेपर्यंत पोचली होती. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार लांबलचक चालले. ताई वाचली, पण दोन महिन्यांपूर्वी जे सोपं होतं, ते तिला फार सोसून मिळालं.

चित्रातला डाग कुणालाही पुसता येतो. अंगातल्या गाठीला तपासणी लागते, औषध लागतं, वेळ लागतो. चमत्कार दाखवणाऱ्याला आधी एवढंच विचारा: हे कसं केलंत, आणि आम्हाला ते करून पाहता येईल का? जो हे विचारू देत नाही, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.