कमरेचे दोन इंच

नवऱ्याला साखरेचा आजार अजून झाला नव्हता, पण स्वारी अगदी उंबरठ्यावर उभी होती. म्हणून तो दवाखान्यातल्या नव्या औषधाच्या चाचणीत शिरला. रोज दोन कॅप्सूल, तीन महिने. त्यात खरं औषध की नुसती भुकटी, ते नर्सलाही ठाऊक नाही. अट एकच: खाणंपिणं, चालणं पूर्वीसारखंच ठेवायचं. नाहीतर गुण कशाचा ते कळणार कसं?

नवरा बसचा ड्रायव्हर, दिवसभर बूड सीटला चिकटलेलं. त्याला तर लॉटरीच लागली.

"बदल करायचा नाही, डॉक्टरांचा हुकूम आहे. घाल चहात तीन चमचे साखर!"

बायकोच्या डोक्यात तिडीक जायची. मोठ्या दिरांच्या पायाचं बोट याच साखरेनं गेलं होतं, आणि हा गडी त्याच वाटेनं शीळ घालत निघालेला. मग तिनं गुपचूप कारभार सुरू केला. चहात तीनाचे अडीच, अडीचाचे दोन, करत करत अर्धा चमचा. संध्याकाळी मुद्दाम दोरा नाहीतर बटणं विसरायची आणि त्याला लांबच्या दुकानात पिटाळायचं. पॅन्ट ढिली झाली की तो ड्युटीवर गेल्यावर कंबर उसवून आत घ्यायची. शिवणकामात तिचा हात कोण धरणार!

तीन महिन्यांनी नर्सनं टेप लावला. "दोन इंच कमी! साखरही उतरलीय."

"कॅप्सूलची कमाल!" नवऱ्यानं छाती फुगवली. "पण पॅन्ट तर तशीच घट्ट बसते हो."

नर्सनं पट्ट्याखाली पाहिलं. टिपेवर टिपा. मग सोबत आलेल्या बायकोकडे पाहिलं.

बायको गप्प बसली असती तर खपलं असतं. पण उद्या दुसरा कुणी याच कॅप्सूलच्या भरवशावर वाट्टेल ते हाणेल, आणि त्याचं बोट जाईल.

"कॅप्सूलचं माहीत नाही ताई," ती म्हणाली. "चहातली साखर मी चोरली. चालायलाही मीच लावलं."

"तीन महिने फसवलंस मला?"

"विचारून केलं असतं तर ऐकलं असतंत?"

नर्सनं कपाळाला हात लावला. "यांचे आकडे आता धरता येणार नाहीत. चाचणीतून बाहेर."

"म्हणजे कॅप्सूल बंद? आणि साखर चढली तर?" नवऱ्यानं विचारलं.

"ते माझ्या हातात नाही," नर्स म्हणाली.

नवरा तणतणत बाहेर पडला, तो थेट बसथांबा ओलांडून पुढे.

"अहो, बस आलीय!"

"जाऊ दे," तो न वळता ओरडला. "मला रागवायला अख्खा रस्ता लागेल."