उपवासाला चालणारं हाड

चूक माझीच. दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं काढली, पण माझ्या जिभेला हाड नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, जबड्यातली गाठ काढल्यावर त्या खड्ड्यात काय भरणार गं?" आणि मी पटकन बोलून गेले, "गाईच्या हाडाची पूड."

झालं! ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू. आमच्या ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरच्या देवळात चाळीस वर्षं स्तोत्रं गाणारे माझे सासरे, साकेलारिस, या दिवसांत चीजलाही बोट लावत नाहीत.

"महिनाभर मांस नाही, आणि तू माझ्या जबड्यात गाय कोंबणार? मी येत नाही, जा!"

"अहो, ती खायची नसते!"

"तोंडातच घालणार ना?"

फादर येरासिमोस स्वतः घरी येऊन सांगून गेले, औषधाला दोष नाही. ऐकतंय कोण! मला रडूच फुटलं. गाठीनं जबडा आतून पोखरला होता, उरलं होतं नुसतं अंड्याचं कवच. कडक पाव चावताना तो मोडला असता तर गाणं कायमचं संपलं असतं. थांबायला वेळ नव्हता.

शेवटी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अनथूलाबाईंनीच त्यांना फोन केला. "काका, उपवासाला शिंपल्या चालतात?"

"चालतात की. त्यांच्यात रक्त नसतं."

"मग पोवळं? त्याचीही पूड मिळते, हाडाच्या जागी भरायला."

म्हातारा म्हणाला, "समुद्रातलं ना? मग चालेल." आणि माझ्याकडे डोळे वटारून, "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

शस्त्रक्रिया नीट झाली. पण जबडा भरून येईपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या रात्रीही, गाण्याला बंदी. देवळात ते ओठ मिटून उभे होते आणि दुसरेच कोणी गात होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

ऑगस्टमध्ये नवा एक्स-रे काढला. काळा खड्डा पांढरा झाला होता.

"म्हणजे पोवळं टिकलं," सासरे म्हणाले.

"पोवळं विरत चाललंय, काका," डॉक्टर म्हणाल्या. " त्याच्या आधारानं वाढलेलं हे हाड तुमचं स्वतःचं आहे. आता गा खुशाल."

त्यांनी जबड्यावरून हात फिरवला. डोळे भरून आले. आणि तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या, भर ऑगस्टमध्ये त्यांनी साऱ्या बेटाला पाठ असलेलं ईस्टरचं स्तोत्र सुरू केलं.

मी दार उघडलं. बाहेर गाल सुजलेले, दात दुखणारे सगळे पेशंट उठून उभे राहिले होते, आणि जमेल तसं गात होते.