वेदांगचं गाव

मिहिकाने दादाने इंग्लंडहून पाठवलेला फोटो दोन बोटांनी मोठा केला. चर्च नको, दगडी खांबांवरचं ते जुनं मार्केट पण नको. मागचं झाड. झाड हिरवंगार होतं.

"आई, जानेवारीत इंग्लंडला झाडांना पानं असतात?"

"असतील. तू कांदा चिर."

दर रविवारी संध्याकाळी दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या त्या फ्लॅटमध्ये वेदांगदादाचा फोन यायचा. बोटिम अ‍ॅपवर, नुसता आवाज. खेड्यात नेट वीक, म्हणून व्हिडिओ नाही. जूनमध्ये तो तिकडे शिकायला गेला आणि मिहिकाची शाळा अकरावीतच थांबली. दोघांचं एकदम जमणार नव्हतं. "एकच वर्ष," बाबा म्हणाले होते.

मगरीबची, सूर्यास्ताची अजान झाली. एसीमुळे खिडकी बंद होती, तरी ऐकू आली. ती संपली आणि फोन वाजला. बाबांनी स्पीकर लावला, वही उघडली. दादा सांगेल ते ते लिहून घ्यायचे आणि सोमवारी ऑफिसात ऐकवायचे.

"हां, तर चारशे वर्षांचं मार्केट. पुढे?"

"आठशे, बाबा. राजाने परवानगी दिलेली. दर गुरुवारी बाजार. खाली बायका लोणी विकायच्या, वर कोर्ट. वजनात मारलं की तिथेच खोड्यात अडकवायचे."

"आठशे! इथे तीन वर्षांत बिल्डिंग बदलावी लागते."

मिहिका सुरी हातात घेऊनच बाहेर आली. "दादा, काल बाजारात काय घेतलंस?"

"चीज."

"काल शनिवार होता."

"अगं, म्हणजे... दुकानातून."

"तू काय पोलीस आहेस?" बाबा खेकसले. "बोलू दे त्याला."

"थंडी आहे का रे?" आईने विचारलं.

"बर्फ पडलाय, आई. आणि तो मेंढरांचा पूल आहे ना, तिथे..."

फोनमधून अजान सुरू झाली. बारीक, पण स्वच्छ.

इंग्लंडच्या आधी तो इथेच, पार पश्चिमेच्या टोकाला रुवैसच्या रिफायनरीत नोकरीला होता, तेव्हाही असंच व्हायचं. इथली अजान आधी, दहा-बारा मिनिटांनी फोनमधून तिकडची. "तुझा सूर्य आळशी आहे, दादा," ती चिडवायची.

बाबांचं पेन थांबलं. "हे कुठून येतंय?"

एक वाक्य पुरे होतं. मिहिकाने तोंड उघडलं आणि आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच.

"आपल्या मशिदीतून," आई म्हणाली. "मिहिका, खिडकी उघडी राहिलीय बघ. लाव."

मिहिका खिडकीशी गेली. कडी लावलेलीच होती. तिने ती काढली, काच सरकवली. बाहेर एसींची घरघर, बाकी काही नाही. मग बाबांना ऐकू जाईल अशी तिने काच जोरात आपटली. तेवढ्यात दादाने म्यूट केलं आणि फोनमधली अजान थांबली.

"हां, आता बोल," बाबा वहीत बघत म्हणाले. "पुलाचं काय सांगत होतास?"