ट्रूडी मागे वळून बघते तोवर

काचबिंदूने एझेल क्रूम यांची नजर दोन वर्षांत संपवली. पहिल्या वर्षी त्यांनी पिकअपच्या किल्ल्या मुलाच्या हातात ठेवल्या, दुसऱ्या वर्षी बंदूक. मग एकेक करून कुत्री गेली. सशाच्या शिकारीत त्यांच्या बीगलांना अलाबामाच्या त्या भागात तोड नव्हती, त्यामुळे न्यायला माणसं आपण होऊन दारात आली. मागे राहिली फक्त मेबल. नऊ वर्षांची, तोंडावर पांढरी पडलेली कुत्री कोण नेणार? आणि त्या मेबलने मे महिन्यात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक पिल्लू दिलं. एकच. एझेलनी ते तळहातावर घेतलं, त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरगी आहे. ट्रूडी."

ट्रूडीला खाऊ घालायचं काम सुनेकडे आलं. एझेल कुंपणापाशी दोनदा पडले होते, आणि त्यांचा मुलगा रूफस टॉम्बिगबी नदीवर मालवाहू बोटींवर कामाला. महिनाभर पाण्यावर, पंधरा दिवस घरी. रूफसची बायको व्हर्डेल शाळेची बस चालवायची. सकाळी साडेआठला मोकळी झाली की दुपारी अडीचपर्यंत तिला कुणी विचारत नसे. पंचेचाळीस वर्षांत तिने कुत्र्याच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. आता मात्र पिल्लू तिच्या बुटाची नाडी तोंडात धरून अंगणभर तिच्यामागे फरफटत फिरायचं.

"बाबा, हिला शिकवायला सुरुवात कधी करायची?" ऑगस्टमध्ये तिने विचारलं.

गावात याला हजार उत्तरं होती. न्हावी म्हणायचा, वर्षाची झाल्याशिवाय नाही. रूफसचा शाळेपासूनचा मित्र लोन्झो बॅस्किन म्हणायचा, चौथ्या महिन्याला. लोन्झोकडे आठ कुत्री होती, सगळी वेगाची, आणि त्याची जीभ त्यांच्याही पुढे धावायची. "वहिनी, पाळण्यात ठेवणार का तिला? दुपटं विणायला घ्या मग!" चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत तो असं म्हणायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

एझेलनी मात्र उलट तिलाच विचारलं, "तू चालतेस तेव्हा ती काय करते?"

"पायात पायात येते."

"आणि जरा पुढे गेली की?"

"थांबते. मी येतेय का ते मागे वळून बघते."

"मग अजून ती तुझी आहे, पोरी. मागे वळून बघते तोवर तिला ससा दाखवायचा नाही. ज्या दिवशी नाक जमिनीला लागेल आणि ती तुला साफ विसरेल, त्या दिवशी सुरुवात. कॅलेंडर बघून कुणी मोठं होत नाही."

"तोवर मी काय करू?"

"नाव घेतलं की ती आली पाहिजे, एवढं बघ. बाकी तिला नुसती फिरव. गवतातून, ओढ्यातून, काट्यांतून. पायांना जग कळू दे."

व्हर्डेलने दोन महिने तसंच केलं. पण ऑक्टोबर आला, हवा गार झाली, रोज सकाळी बस चालवताना शेतांतून लोकांच्या कुत्र्यांचे आवाज ऐकू यायला लागले, आणि तिच्या मनात किडा वळवळू लागला. ट्रूडी पाच महिन्यांची झाली होती. नाक तर सारखं चालू होतं. बाबांना दिसत नाही, त्यांना काय कळणार तिची वाढ, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

एका शनिवारी रूफस वडिलांना घेऊन माँटगोमेरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. ते गेले आणि लोन्झो पिकअप घेऊन दारात उभा राहिला.

"द्या वहिनी. माझ्या कुत्र्यांत एक दिवस पळाली की एका दिवसात शिकेल. काकांना सांगूच नका. संध्याकाळी आपोआप कळेल त्यांना."

व्हर्डेलने पिल्लू उचललं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या गाडीत ठेवलं.

तीन तासांनी लोन्झो परत आला तेव्हा हसत नव्हता. मोठ्या कुत्र्यांनी ससा उठवला, त्यांच्या धावण्यात ट्रूडी पायाखाली आली, एकाने तिचा कान फाडला. ती किंचाळत होती, नेमका तेव्हाच ससा समोरून गेला आणि लोन्झोने तिच्या डोक्यावरून बार काढला. तिला शोधायला दोन तास लागले होते. गाडीतून उतरवल्याबरोबर ती पोटावर सरपटत, विटांच्या खांबांवर उचललेल्या घराखाली शिरली, पार मागे, आणि बोलावूनही बाहेर येईना.

संध्याकाळी एझेल ओसरीवर येऊन खुर्चीत बसले. "ट्रूडीची नखं वाजत नाहीयेत फळ्यांवर," ते म्हणाले. "कुठे आहे ती?"

व्हर्डेलने सगळं सांगितलं, लोन्झोवर काही न ढकलता. मनात येऊन गेलेलं तेसुद्धा सांगितलं.

तिला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण एझेल म्हणाले, "बस इथे. मी तीस वर्षांचा होतो तेव्हा माझ्याकडे बक नावाचं पिल्लू होतं. त्याच्याइतकं नाक मी पुन्हा पाहिलं नाही. माझा मेहुणा आला होता, त्याला दाखवायला म्हणून मी त्या चार महिन्यांच्या पिल्लाच्या डोक्यावरून बंदूक उडवली. नंतर दार जरी आपटलं तरी तो घराखाली पळायचा. तेरा वर्षं जगला. तेरा वर्षं मी त्याला रोज खायला वाढलं, आणि रोज तो माझ्याकडे बघायचा."

"मग हिचंही तसंच होणार?"

"मी बकला दुसऱ्याच दिवशी पुन्हा रानात ओढत नेलं होतं. बाप्यासारखा वाग म्हणून. तू तसं करू नकोस. काहीच करू नकोस."

काहीच न करणं इतकं अवघड असतं हे व्हर्डेलला तेव्हा कळलं. ती रोज घराच्या कडेला जमिनीवर पालथी पडून वाडगं आत सरकवायची. चौथ्या दिवशी मेबल स्वतः खांबांमधून आत गेली आणि पोरीला घेऊन बाहेर आली. पुढचे दोन आठवडे तिला कुंपणाबाहेर काढायचं नाही, असं एझेलनी ठरवलं. मग आवाजाची भीती मोडायला भांड्याचा प्रयोग सुरू झाला. ट्रूडी खायला लागली की व्हर्डेल लांब, चिंचोळ्या परसाच्या टोकाला उभी राहून पत्र्याच्या ताटलीवर पळी मारायची. एकदाच, हळू. ट्रूडीने मान वर केली की थांबायचं. दुसऱ्या दिवशी पाच पावलं पुढे. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "व्हर्डेल, हे काय नवीन? भुतं हाकलतेस की काय?" नोव्हेंबर संपता संपता पळी वाडग्याशेजारी वाजत होती आणि ट्रूडी खाता खाता शेपूट हलवत होती.

डिसेंबरात तिघं दुपारची बाहेर पडू लागली. तिघं म्हणजे व्हर्डेल, तिच्या कोटाचा पट्टा मागून धरून चालणारे एझेल, आणि ट्रूडी. मेबल आपली मनाला आलं तर यायची. जुन्या कापसाच्या शेतात आता कमरेएवढं पिवळं गवत आणि काटेरी जाळ्या माजल्या होत्या. ट्रूडी वीस पावलं पुढे जायची, थांबायची, मागे वळायची. रोज.

"वळली?" एझेल विचारायचे.

"वळली."

"बरं."

ख्रिसमसच्या आधीच्या गुरुवारी ती एका जाळीपाशी थबकली. शेपूट आधी हळू, मग इतकी जोरात हलायला लागली की तिचं सगळं मागचं अंग हलू लागलं. व्हर्डेलने हाक मारली. पुन्हा मारली. नाक जमिनीवर टेकवून ट्रूडी गवतात शिरली आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. फाटका, बारीक, स्वतःलाच नवल वाटल्यासारखा. दुसरा त्याहून मोठा निघाला.

"बाबा, ती वळली नाही."

एझेलनी टोपी काढून छातीशी धरली. "ऐकतोय मी," ते म्हणाले. थंडीत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायची त्यांना घाई नव्हती.

त्या दिवसापासून खरी शिकवणी सुरू झाली, ती मात्र व्हर्डेलची. ससा आपला मुलूख सोडून जात नाही, एझेलनी तिला सांगितलं. तो फेर धरतो आणि निघाला तिथेच येतो, म्हणून शिकाऱ्याने जागा सोडायची नाही, कान उघडे ठेवायचे. मेबलचा आवाज जाड, विहिरीत बादली आपटावी तसा. ट्रूडीचा उंच, शेवटी जरा तुटणारा. आवाज पटापट यायला लागले की वास ताजा. लांबले की ससा बराच पुढे. एकदम थांबले की त्याने काहीतरी खोडी केली.

एका दुपारी एझेल बादली उपडी घालून तिच्यावर बसले होते. समोर कुठेही हालचाल नव्हती. लांबवर दोन कुत्र्यांचे आवाज.

"आता ओढ्याच्या काठाने चाललाय," ते म्हणाले. "वळला. पाइनच्या झाडांत शिरणार नाही तो, खाली लपायला काही नाही. तुझ्या डाव्या हाताला तो पडका ट्रॅक्टर आहे ना, तिकडे बघ. दहापर्यंत मोज."

व्हर्डेल सातावर असताना ट्रॅक्टरच्या चाकामागून ससा बाहेर आला, क्षणभर बसला, आणि उड्या मारत निघून गेला. तिने वळून सासऱ्यांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बुटावरची माती काठीने काढत होते. आपल्याला दोन धड डोळे आहेत आणि या रानात बघणारा माणूस मात्र हा आहे, असं तिच्या मनात आलं. ऑक्टोबरात आलेला तो विचार आठवून तिचे कान गरम झाले.

फेब्रुवारीत हंगाम संपायच्या आधीच्या शनिवारी लोन्झोचा फोन आला. "वहिनी, घेऊन या तुमच्या राजकन्येला. काकांनाही आणा. या वेळी मी आधी काकांना विचारेन, मग बंदूक भरेन."

त्याने चार कुत्री आणली होती. ओढ्याकाठच्या दलदलीत ससा उठला तो मोठा, तपकिरी, पाण्यात पोहणारा. लोन्झोची कुत्री वाऱ्यासारखी सुटली, ट्रूडी आणि मेबल त्यांच्यामागे. आवाजांनी सगळा सखल भाग भरून गेला. मग ओढ्याच्या वळणावर सगळं एकदम बंद पडलं.

लोन्झोची कुत्री पलीकडच्या काठावर लांब लांब धावत वास शोधत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"गेला पोहत," लोन्झो म्हणाला. "चला, दुसरा काढू."

"थांब जरा," एझेल म्हणाले.

मागून, जिथून कुत्री कधीच पुढे निघून गेली होती तिथून, एकच आवाज आला. उंच. शेवटी तुटलेला. एझेलनी फक्त मान जराशी व्हर्डेलकडे वळवली आणि वाट पाहिली.

"ट्रूडी," व्हर्डेल म्हणाली.

"छे, माझी डॉली आहे ती," लोन्झो म्हणाला.

"नाही भाऊजी. डॉली पलीकडे आहे. ससा पाण्यात गेलाच नाही. आपल्याच पावलांवरून मागे आला आणि येताना आपण ओलांडला त्या आडव्या पडलेल्या ओंडक्यावर उडी मारली. ट्रूडी ओंडक्यावर चढलीय, आवाज वरून येतोय बघा."

लोन्झोने तिच्याकडे पाहिलं, मग एझेलकडे. एझेल हसत होते, सगळे दात दाखवून.

बादली विहिरीत आपटली, मेबल येऊन मिळाली. मग लाजल्यासारखी लोन्झोची चारही कुत्री. फेर पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी सगळ्यांत पुढे तो तुटका आवाज होता. ससा वेतांच्या बेटातून बाहेर पडला. लोन्झोने एझेलच्या खांद्याला हात लावला. "काका?"

"कुत्री किती मागे आहेत, व्हर्डेल?" एझेलनी विचारलं.

"चांगली साठ पावलं."

"मग मार."

बार वाजला तेव्हा व्हर्डेलने डोळे मिटून घेतले. घराखालची ती काळोखी जागा, विटांचे खांब, आत सरकवलेलं वाडगं सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिने डोळे उघडले तर ट्रूडी वेतांतून धावत आली, मेलेल्या सशाला हुंगलं, शिंकली, आणि फाटका कान हलवत पुन्हा गवतात नाक खुपसून पुढच्याच्या शोधाला लागली. त्या आवाजाची तिने दखलसुद्धा घेतली नव्हती. व्हर्डेल हसायला लागली.

लोन्झोने बंदूक मधून उघडून काखेत घेतली. "वहिनी, ऑक्टोबरात मी गाढवपणा केला," तो म्हणाला. एवढं सरळ वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"आपण दोघांनी केला," व्हर्डेल म्हणाली.

ससा तिच्या घरी शिजला, कांदा घालून, दाट रश्शात, सोबत भात आणि कोलार्डच्या पाल्याची भाजी. लोन्झो तीनदा वाढून घेत होता आणि एझेल त्याला ओंडक्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावत होते. आपण तिथे नव्हतोच असं तोंड करून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम संपला तरी लोक कुत्र्यांना नुसतं पळवत होते, तेव्हा व्हर्डेलने मुलांना शाळेत सोडून रिकामी बस रस्त्याच्या कडेला लावली आणि इंजिन बंद केलं. लांब, शेतांपलीकडे लोन्झोच्या कुत्र्यांचे आवाज होते, त्यांत एक नवखा. तिने खिडकी खाली केली, बराच वेळ ऐकलं, आणि फोन काढला.

"लोन्झो भाऊजी, तुमचं ते नवीन कुत्रं सशामागे नाहीये. ते हरणाला लागलंय. फेर न धरता सरळ हायवेकडे निघालंय, परत बोलवा."

"अहो वहिनी, आहात कुठे तुम्ही? कुठून बघताय?"

"बघत नाहीये," व्हर्डेल म्हणाली. "पळा आधी."