मूस फुटावी म्हणून

वैशाखाची दुपार पेटली होती. आभाळ तापून तांबूस, पत्रे तापून पांढरे, गोदेचं पाणी तळाला गेलेलं, आणि तांबट आळीत घणांचा कल्लोळ. ठण् ठण् ठण्! घावाखाली तांबं कण्हतं, घावाखाली तांबं वाकतं, घावाखाली तांबं शेवटी शरण येतं. या आळीत कुणी कानगोष्टी करत नाही; केल्या तरी ऐकू कुणाला जाणार?

त्या कल्लोळात एकच ऐरण मुकी होती. ती भार्गवअण्णा वडक्यांची.

काय हात होता हो त्या माणसाचा! रक्तवर्ण पत्र्याला पोट यायचं, गळा यायचा, काठ यायचा. मठाराचा, म्हणजे झळाळी आणणाऱ्या बारीक हातोडीचा, ठोका ठोक्याला असा बिलगायचा की घागरीच्या अंगावर चांदणं सांडल्यागत वाटावं. हयातभर अण्णांनी तांब्याला बडवलं आणि हयातभर तांब्यावर माया केली. आता त्याच तांब्याचं तोंड बघायला ते तयार नव्हते.

गेल्या साली त्यांची डावी किडनी काढली. तिच्यात आंब्याएवढी गाठ होती. मुळासकट उपटली, असं सर्जन म्हणाले. पण मूळ कसलं उपटतंय? त्या उन्मत्त, उद्दाम, अतृप्त पेशी रुधिरावर स्वार होऊन आधीच फुप्फुसात शिरल्या होत्या आणि तिथे त्यांची लूटमार चालू होती. पुण्याच्या एका इस्पितळात नव्या औषधाची चाचणी निघाली होती. अण्णांची लेक केतकी तिथल्याच प्रयोगशाळेत असल्या पेशी वाढवते, रंगवते आणि मारते. तिनेच खटपट करून बापाला त्या चाचणीत बसवलं. दुसरा उपाय उरला नव्हता.

पण फोनवर बोलता बोलता ती एक वाक्य बोलून गेली. "अण्णा, या पेशी तांब्याच्या भारी हावऱ्या असतात. रक्तातलं तांबं ओढून साठवतात." तुमच्या धंद्याने रोग झाला असं कुणी म्हणत नाही, हेही ती लगेच म्हणाली. पण ते ऐकायला अण्णा होते कुठे? पहिलंच वाक्य घणासारखं टाळक्यात बसलं होतं.

तांबं! ज्याला लेकरासारखं मांडीवर घेतलं, तेच आत बसून वैऱ्याला जेवू घालतंय! अण्णा उठले. फळीवरच्या घागरी त्यांनी खाली ओढल्या, घंगाळं लाथाडली, दिवंगत बायकोचा देवघरातला गडू भिंतीवर भिरकावला. भिंतीला खोक पडली, गडूला पोचा पडला, आणि अण्णांचा राग होता तिथेच राहिला.

तांब्यावर काळं चढलं की तांबट काय करतो? चिंच लावतो आणि घासतो. अण्णांनी तेच करायचं ठरवलं. एका कोऱ्या पातेल्यात त्यांनी चिंचेचा गोळा कोळला, सकाळभर उन्हात ठेवला, आणि दुपारी तो दाट, आंबट, तुरट कोळ घटाघटा पोटात ओतला. "आता निघ," ते आपल्याच पोटाला म्हणाले, "घासून काढतो तुला!"

आणि त्या तांब्याच्या कोऱ्या पातेल्याला कल्हई नव्हती. अहो, आळीत आलेल्या प्रत्येक नव्या नवरीला ज्याने दटावलं, "बाई गं, कल्हईशिवाय आंबट ठेवशील तर कळकेल, अख्खं घर ओकत बसेल," त्याच माणसाने हा आचरटपणा करावा? संताप आला की शहाणपण गाशा गुंडाळतं, दुसरं काय!

केतकी त्यांना न्यायला आली तेव्हा बाप मोरीच्या काठावर पालथा पडला होता. हिरवं ओकत होता, निळं ओकत होता, आतडी पिळवटून पिळवटून ओकत होता. चिंचेने पातेल्यातलं तांबं खाल्लं होतं, आणि अण्णांनी ती चिंच प्याली होती. केतकीने पातेलं उचलून आत पाहिलं मात्र, तिचा स्वर फाटला. "अण्णा, कल्हई कुठाय याची? तांबं काढायला निघालात आणि तांबंच प्यालात!"

आळीतले डॉक्टर धावत आले, सलाईन लागलं, उरल्या एका किडनीने कसाबसा तग धरला. संध्याकाळी अण्णा उशीला टेकून बसले खरे, पण तोंड भिंतीकडे. "मी नाही येत पुण्याला. घरचाच फितूर झाला. आता कसलं औषध नि कसलं काय."

"तांबं फितूर नाही, अण्णा. चोर ती पेशी आहे." केतकी त्यांच्या पायांशी बसली. "तिच्या पोटात बारीक बारीक थैल्या असतात, तेजाबाने भरलेल्या. लायसोसोम म्हणतात त्यांना. ओढलेलं तांबं, लोखंड, पेशीतली सगळी मोड त्यांच्यात जाते."

मोड म्हटल्यावर अण्णांची मान वळली. जुनं, फुटकं, चेपलेलं भांडं म्हणजे मोड. मोडीवर तर आळी जगते; मातीच्या मुशीत मोड वितळवायची आणि नवं भांडं घडवायचं.

मग ते त्यांना दिसलं. रक्ताच्या काळोखात तेजाबाच्या भट्ट्या धगधगताहेत. लोखंड आत ओढलं जातंय, तांबं आत ओढलं जातंय, पेशी स्वतःचेच तुकडे तोडून त्या आगीत फेकतेय, आणि त्या वितळल्या मोडीतून पुन्हा पुष्ट, पुन्हा मस्तवाल होऊन शेजारणीच्या नरड्यावर पाय देतेय. आपल्याच छातीत एक तांबट आळी वसली आहे, आणि तिचे कारागीर खुनी आहेत!

"आणि तुमचं औषध काय करतं?"

"थैलीला तडा देतं. आतलं तेजाब सांडतं, साठवलेलं लोखंड पेटतं. पेशी आपल्याच आगीत जळून मरते."

मूस फुटणं म्हणजे काय, ते आळीत अण्णांइतकं कुणाला ठाऊक असणार? पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांचा थोरला भाऊ श्रीपाद भट्टीतली रसरसती मूस चिमट्याने उचलत होता. मुशीला केसाएवढी चीर होती. उचलली, आणि फुटली. पिवळाधमक, फुत्कारणारा रस त्याच्या मांड्यांवरून पायांवर उतरला, आणि त्या किंकाळीने आळीतले सगळे घण हवेतच थांबले. श्रीपाद उडी मारून दाराबाहेर पडला, तरी वाचला नाही. तेव्हापासून भट्टीत ठेवण्याआधी प्रत्येक मुशीवर अण्णा बोटाच्या पेराने टकटक करत आले. खणखणीत वाजली तर धड. बद्द वाजली तर फुटकी, फेकून द्यायची.

"म्हणजे माझ्या अंगात मुशी फोडणार तुम्ही."

"हो."

"घर माझं आहे गं, केतके."

"घर तुमचंच, अण्णा. ताप चढेल, अंग ठणकेल, तुमचंही थोडं जळेल. गुण येईलच असंही नाही. खोटं कशाला सांगू?"

अण्णांनी पोचा पडलेला गडू हातात घेतला, पोच्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांच्या डोळ्यांत जुना विस्तव फुलला. "दादाला पळायला दार तरी होतं. या हरामखोरांना दारही नाही." त्यांनी पांघरूण लाथेने उडवलं. "चल पुण्याला. फोडा!"

औषध थेंबाथेंबाने शिरेत उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी भर माध्यान्ही वणवा पेटला. देह धनुष्यासारखा ताणला, दात चादरीत रुतले, खाटेच्या सळया खडखडल्या. जळा! अण्णा शिव्या घालत होते, जळा रे, जळून कोळसा व्हा! कोण जळतंय, वैरी की आपण, तेही त्यांना उमगत नव्हतं, आणि त्याची त्यांना पर्वा नव्हती.

लाट ओसरली तेव्हा त्यांनी हात उचलला. बोट मुडपलं आणि पेराने स्वतःच्याच छातीवर टकटक केली, जशी मुशीवर करायची. हयातभर त्यांनी तांबटांच्या देवीपाशी, कालिकेपाशी, खणखणीत आवाज मागितला होता. आज ते उलटं मागत होते.

"ऐक गं केतके. बद्द वाजतंय का?"

असं काही कानाला कळत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कळायला अजून कितीतरी तपासण्या व्हायच्या होत्या. तरी ती वाकली, बापाच्या घामेजल्या, भाजल्या छातीवर तिने कान टेकला आणि डोळे मिटले.

मूस फुटली की नाही, तिला सांगता आलं नाही. पण त्या तापल्या पिंजऱ्याआड कुणीतरी घण उचलत होतं, घाव घालत होतं, पुन्हा उचलत होतं.

"ऐरण चालू आहे, अण्णा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

ठण्. ठण्. ठण्.