प्रार्थनेचा विषय

चर्चमधल्या बायका तिला प्रार्थनामावशी म्हणत. पन्नाशी उलटलेली, घरीच शिवणकाम करणारी बाई, पण बुधवारच्या महिला प्रार्थनेत उभी राहिली की तिच्या तोंडी शब्द असे यायचे की बाकांवरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पाळकसाहेब गमतीने म्हणायचे, "मावशींनंतर माझा नंबर नका लावू बुवा, माझं कोण ऐकणार?" मावशी "काहीतरीच तुमचं" म्हणायची, पण ते कौतुक तिला दिवसभर पुरायचं.

तिची धाकटी जाऊ दुपारी तिच्याकडे काजं-बटणं करायला यायची. मागच्या वर्षी जावेची लहानगी तापाने गेली होती. तिच्या आजारपणात चर्चची सगळी मंडळी दवाखान्याच्या व्हरांड्यात गुडघे टेकून बसली होती, त्यात सर्वांत मोठा आवाज मावशीचा. त्यानंतर जाऊ अबोल झाली, पण रविवार तिने चुकवला नाही. "विश्वासाची पक्की आहे पोरगी," असं सगळे म्हणत.

एका दुपारी गायनमंडळाच्या पांढऱ्या झग्यांना बटणं लावता लावता जावेने सुई खाली ठेवली.

"ताई, एक सांगू? मला प्रार्थना येत नाही आता."

"म्हणजे गं?"

"बसते, डोळे मिटते, आणि आत काहीच नसतं. चर्चमध्ये नुसते ओठ हलवते. कोणी विचारू नये म्हणून येते मी." मग घाईघाईने म्हणाली, "तुमच्यापाशीच राहू दे हं. ह्यांनाही बोलले नाहीये."

"वेडी का काय! मी कशाला कोणाला सांगू?" मावशीने तिला जवळ घेतलं. खरोखर तिचं काळीज हललं होतं.

त्या बुधवारी जाऊ आली नव्हती. तशी ती बुधवारी कधीच यायची नाही. मावशी प्रार्थनेला उभी राहिली, आजारी लोकांसाठी मागितलं, परीक्षेच्या मुलांसाठी मागितलं. पण आज रंग भरत नव्हता. मागे कोणीतरी खोकत होतं, कोणाची तरी पिशवी खुसफुसत होती. मग तिच्या तोंडून निघालं, "प्रभू, आमच्यातल्या एका बहिणीसाठी मी तुझे पाय धरते..."

हॉल एकदम शांत झाला.

"जिच्या मांडीवरचं लेकरू गेलं, त्या बहिणीचा विश्वास आज विझत चाललाय, बापा."

"आमेन," कोणीतरी हुंदका देत म्हणालं. मावशीचा आवाज चढला. तिने सवयीप्रमाणे पापण्या किंचित उघडून बघितलं. सगळ्या बायका रडत होत्या. आणि दाराशी, हातात शिवून झालेल्या झग्यांची पिशवी घेऊन, जाऊ उभी होती.

मावशीने डोळे मिटले. वाक्य अर्ध्यावर होतं आणि फार छान चाललं होतं.

"ती तुझ्या घरात येते, ओठ हलवते, पण तिचं हृदय तुझ्यापासून दूर गेलंय, प्रभू. तिला परत आण!"

आमेनचा गजर झाला. मावशीने पुन्हा डोळे उघडले तेव्हा दोन-तीन बायकांनी जावेला गाठलं होतं. एक तिचा हात धरून सांगत होती, "अगं, असा विश्वास सोडायचा नसतो." दुसरी म्हणत होती, "सैतानाला जागा देऊ नकोस हं." जावेने हात सोडवून घेतला, पिशवी बाकावर ठेवली आणि ती गेली.

"अगंबाई, ती आली होती?" मावशी म्हणाली. "मला दिसलीच नाही!"

हेच ती नंतर सगळ्यांना सांगत राहिली. पाळकसाहेबांना सांगितलं, दिराला फोनवर सांगितलं. नवरा जेवताना म्हणाला, "दिसली असती तर थांबली असतीस?"

"म्हणजे काय! आणि मी नाव तरी घेतलं का तिचं?"

नवऱ्याने मान खाली घालून घास घेतला. "लेकरू गेलेल्या किती बायका आहेत गं आपल्या चर्चमध्ये?"

जाऊ कामाला येईना. फोन उचलेना. काजं न केलेले कपडे मशीनपाशी साचत गेले. एका सकाळी नवरा बाहेर पडल्यावर मावशी दार लावून गुडघ्यांवर बसली. क्षमा मागायला सुरुवात केली, तर वाक्यं सजूनधजून येऊ लागली. "दयाळू पित्या, मी पामर तुझ्या चरणी..." आवाजात तोच कंप, तीच लय, जणू समोर बाकं भरलेली आहेत. तिने तोंडावर हात दाबला. रिकाम्या खोलीत तिला स्वतःची एवढी लाज वाटली की भिंतीकडेसुद्धा बघवेना. तशीच उठून, चपला पायात सरकवून ती जावेच्या घरी गेली.

जावेने दार अर्धवट उघडलं. "काय ताई?"

वाटेत जुळवलेलं सगळं मावशीने सोडून दिलं. "मी तुला बघितलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी. दारात. बघितलं आणि तरी थांबले नाही."

"माहितेय मला. आपली नजर भिडली होती."

मावशीने उंबऱ्याकडचा पाय मागे घेतला.

"तुम्ही सगळ्यांना दिसली नाही, दिसली नाही सांगत होतात ना, ते कानावर येत होतं माझ्या. म्हटलं, बघू, कधी खरं बोलतात." जावेचा आवाज चढला नव्हता, तेच मावशीला जास्त लागलं. "आता रोज कोणी ना कोणी येतं घरी. बायबलमधली वचनं वाचून दाखवतात. माझी पोर गेली तेव्हासुद्धा घरी एवढी माणसं आली नव्हती. ह्यांना कळलं तेही बाहेरूनच. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी."

"चुकलं गं माझं."

"हो. चुकलं." मग म्हणाली, "आज आत या म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस," मावशी म्हणाली, आणि जिना उतरली.

पुढच्या बुधवारच्या आधी तिने पाळकसाहेबांना गाठलं, जे झालं ते सांगितलं, आणि आता दुसऱ्या कोणाला तरी उभं करा म्हणाली. पाळकसाहेबांनी तिला खुर्ची दिली. मग म्हणाले, "मंडळीसमोर क्षमा मागितलीत तर मन हलकं होईल, मावशी."

"नको, साहेब. मंडळीसमोर माझं तोंड फार चालतं. तेही चांगलंच जमेल मला."

जावेने रेडीमेड कपड्यांच्या दुकानात काम धरलं. मावशी आपली काजं आपणच करू लागली. बुधवारी ती कडेच्या बाकावर बसते आणि नवीन बाईची अडखळती प्रार्थना ऐकते. कधी कोणी कानाशी लागून विचारतं, "मावशी, जाऊ काय म्हणते? आम्ही प्रार्थनेत धरलंय तिला." तेव्हा तिचे कान तापतात. "तिचं तिच्यापाशी राहू द्या," एवढंच ती म्हणते.

परवा भाजी घेताना दोघी समोरासमोर आल्या.

"बरी आहेस ना?" मावशीने विचारलं.

"आहे."

मावशीला पुढे खूप काही विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. जाऊ क्षणभर वाट बघत उभी राहिली, आणि प्रश्न येत नाही असं दिसल्यावर तिने बाजूला सरकून मावशीला टोपलीपाशी जागा करून दिली.