गाडीतला गार श्वास

थोरल्याची एक खोड आईला कधीच पटली नव्हती. चुकलं की तो गप्प बसायचा, आणि गप्प बसणं अंगाशी आलं की कुणाच्या तरी पाठीमागे लपायचा. या खेपेला त्याला धूपवाला बाबा सापडला होता, तोही नेमका वडिलांच्या डायलिसिसच्या दिवशी. बाराला हॉस्पिटलात पोचायचं होतं. परवाची पाळी घरची गाडी वाटेत तापल्यामुळे हुकली होती. वडील ओट्यावर खुर्चीत बसून होते, पाय सुजून पावासारखे फुगलेले. बोलावलेली भाड्याची गाडी सकाळपासून फोनवर नुसती 'निघालीच' होती. आणि अंगणात अर्धी गल्ली लोटली होती.

अंगणात घरची गाडी चालू होती. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला, आणि डॅशबोर्डच्या मागे कुणी गुळण्या कराव्यात तसा आवाज. बाबानं हीटर पूर्ण सोडायला लावला.

"इंजिनाची भट्टी झालीय," तो म्हणाला. "आता वारा कसा येतो, हात धरून बघा."

लोकांनी एकेक करून हीटरच्या जाळीपुढे हात धरला. वारा गार होता. शेजारीण हात पदरात लपवून मागे सरली.

बाबानं डोळे मिटून निदान सांगितलं. आत तहानेनं मेलेला ड्रायव्हर आहे, तो पाणी मागतोय. सात दिवस गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही, आणि तिच्यात बसलेल्या माणसानंही घर सोडायचं नाही.

सात दिवस. आईनं नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. तेवढे दिवस त्या माणसाजवळ नव्हते.

"आता रेडिएटरचं झाकण उघड," बाबानं थोरल्याला फर्मावलं. "नुसत्या हातानं. श्रद्धा असेल तर भाजणार नाही."

थोरल्याचा हात खरंच पुढे गेला. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसत होती. आईनं त्याचं मनगट पकडून मागे ओढलं, गाडीत हात घालून इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून कमरेला खोचली.

"बाबा, श्रद्धा तुमची मोठी. तुम्ही उघडा."

बाबाला एकदम आपलं धुपाटणं विझल्याचं दिसलं.

आईनं धाकट्या सुनेला मिस्त्रीकडे पिटाळलं. थोरल्यानं भांडण काढून तोडलेला हा जुना मिस्त्री. तो आला, बाबाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, आणि इंजिन निवेपर्यंत कुणी बोनेटला शिवायचं नाही म्हणाला. तासभर गेला. साडेदहा वाजले. लोक कुजबुजत होते की बाई नवऱ्याच्या जिवावर उठलीय. आईनं ते ऐकलं आणि थोरल्याला विचारलं, "रविवारी रेडिएटरची नळी बदललीस, मग पाणी कसं भरलंस?"

"भडाभडा ओतलं आणि झाकण लावलं," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

आई तिसरीच्या पुढे शाळा शिकली नव्हती. पण दोन वर्षं ती डायलिसिसच्या मशीनशेजारी बसत होती. नळीत बुडबुडा आला की मशीन कसं बोंबलतं आणि नर्स कशी धावते, ते तिला पाठ होतं.

"मग हवा अडकली असेल," ती म्हणाली. मिस्त्रीनं मान डोलावली.

हवा वर यावी म्हणून गाडी ढकलून पुढची चाकं चढावर घेतली. झाकण काढून नरसाळ्यानं सावकाश पाणी भरलं. गाडी चालू करून मिस्त्रीनं हीटरच्या नळीवरचा छोटा पेच ढिला केला. फुस्स झालं. मग फेस, मग थुंकल्यासारखे शिंतोडे, आणि शेवटी पाण्याची सलग धार. त्यानं पेच आवळला, कमी झालेलं पाणी भरलं, झाकण लावलं. गुळण्या थांबल्या होत्या. काटा वर चढला आणि मध्यावर थांबला.

"हीटरच्या नळ्यांत हवा बसली होती," मिस्त्रीनं लोकांना सांगितलं. "गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं, म्हणून वारा गार. पाणी नीट फिरत नव्हतं, म्हणून इंजिन तापलं. बाबाला हे ठाऊक आहे. माझ्याच गॅरेजात तीन वर्षं पाने उचलत होता. सातव्या दिवशी हाच पेच यानं ढिला केला असता."

आईनं जाळीपुढे हात धरला. "या बाबा, तुमचा मुडदा तापला." पण बाबा फाटकाबाहेर पोचला होता.

वडिलांना मागच्या सीटवर बसवलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आईनं कमरेचा रुमाल सोडून घाम पुसला आणि ती थोरल्याकडे वळली.

"पाणी भरताना चुकलास, ते मी विसरले. पण चूक सांगायची लाज वाटली म्हणून बापाच्या गाडीत भूत बसवलंस, ते नाही विसरणार. जे कळत नाही ते कळणाऱ्याला विचारायचं, यात कुणाचं नाक कापलं जात नाही. बस आता, चालव. आणि नजर काट्यावर ठेव."